आकडा लिहिणारे हात: माता-बाल आरोग्य संशोधनात येऊ पाहणाऱ्यांसाठी

माता-बाल आरोग्याच्या संशोधनात उतरू इच्छिणारी मुलेमुली मला बहुतेक वेळा पहिला प्रश्न हाच विचारतात की, अर्ज कोणत्या प्राध्यापकांकडे करावा. प्रश्न रास्त आहे. परंतु सीमाभागातल्या गावांमध्ये या कामात बरीच वर्षे घालवल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, केंद्र निवडताना प्रमुखांच्या नावाइतकीच तिथल्या क्षेत्रीय, म्हणजे गावोगाव फिरून नोंदी घेणाऱ्या, कर्मचाऱ्यांचीही चौकशी करावी, कारण त्या केंद्रातून बाहेर पडणारा प्रत्येक आकडा आधी त्यांच्यापैकी कुणीतरी लिहिलेला असतो.

उदाहरण म्हणून बेळगाव घेतो. तिथले जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय १९६३ साली सुरू झाले आणि आज ते केएलई अभिमत विद्यापीठाचा भाग आहे. त्याच्या महिला व बाल आरोग्य संशोधन विभागाचे नाव डॉ. भालचंद्र कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर यांच्यासारख्या संशोधकांमुळे जगभर पोहोचले. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने २००१ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘ग्लोबल नेटवर्क’ या अनेक देशांच्या संशोधन-जाळ्यात बेळगाव आहे, तसेच नागपूरचे लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनही आहे. मराठी मुलामुलींना घरापासून फार दूर न जाता जागतिक दर्जाचे काम शिकता येईल अशा या दोन जागा आहेत, आणि ही गोष्ट आपल्याकडे पुरेशी माहीत नाही याचे मला मनापासून वाईट वाटते.

बेळगावच्या कामाला मोठी ओळख मिळाली ती २००६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या मिसोप्रोस्टॉलच्या अभ्यासाने. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव टाळण्यासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन उत्तम, पण ते थंड जागी ठेवावे लागते आणि ते टोचण्यासाठी प्रशिक्षित हात लागतो. मिसोप्रोस्टॉलची गोळी तोंडाने देता येते. प्रश्न एवढाच होता की, घरी किंवा उपकेंद्रात होणाऱ्या बाळंतपणात ही गोळी खरोखर उपयोगी पडते का. एकूण १,६२० स्त्रियांच्या या अभ्यासात बाळंतपणे केली, गोळ्या दिल्या आणि रक्त मोजले ते २५ सहायक परिचारिका-प्रसाविकांनी, म्हणजे गावात ज्यांना आपण सिस्टर म्हणतो त्यांनी. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले. पुढे २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने याच उपयोगासाठी मिसोप्रोस्टॉलचा आवश्यक औषधांच्या यादीत समावेश केला.

या अभ्यासातली रक्त मोजण्याची पद्धत नवख्याने मुद्दाम समजून घ्यावी. बाळ बाहेर आल्यावर आणि गर्भजल वाहून गेल्यावर बाईच्या कमरेखाली प्लास्टिकचा एक पट्टा सरकवला जाई. त्याचे खालचे टोक निमुळत्या पिशवीसारखे असे आणि त्यावर मिलिलिटरच्या खुणा छापलेल्या असत. निदान तासभर रक्त त्यात जमू दिल्यावर सिस्टर त्या खुणेवरचा आकडा वाचून लिहीत असे. याच पट्ट्याची नजरेच्या अंदाजाशी तुलना केली तेव्हा नजरेचा अंदाज सुमारे एक-तृतीयांशाने कमी भरला. अनुभवी डोळ्यांनाही रक्त कमीच दिसते, ही गोष्ट मला आजही अस्वस्थ करते. खुणांचा असाच पट्टा पुढे आफ्रिकेतल्या चार देशांत झालेल्या मोठ्या अभ्यासात अतिरक्तस्राव वेळेत ओळखण्यासाठी वापरला गेला आणि २०२३ मध्ये त्याचे निष्कर्ष फार आशादायक आले.

याहून मोठा धडा स्टिरॉइडच्या दोन अभ्यासांत आहे. मुदतीपूर्वी बाळंत होऊ घातलेल्या स्त्रीला स्टिरॉइडचे इंजेक्शन दिले की बाळाची फुफ्फुसे लवकर पक्व होतात, हे मोठ्या रुग्णालयांत सिद्ध झालेले होते. तेच गावपातळीवर नेले तर हजारो बाळे वाचतील, या अपेक्षेने ग्लोबल नेटवर्कने बेळगाव आणि नागपूरसह सहा देशांत सुमारे एक लाख जन्मांचा अभ्यास केला. २०१५ मध्ये निष्कर्ष आले ते उलटे होते. जिथे ही मोहीम राबवली तिथे नवजात मृत्यूचे प्रमाण दर हजारी २७.४ होते आणि जिथे राबवली नाही तिथे २३.९. ज्यांना इंजेक्शन मिळाले त्यांच्यापैकी बहुसंख्य स्त्रियांची बाळे अपुऱ्या दिवसांची समजावीत इतकी लहान नव्हतीच. ज्या मंडळींनी हा उपाय मोठ्या आशेने गावोगाव नेला, त्यांनीच हा निष्कर्ष जसाच्या तसा छापला, याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. त्यानंतर जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत, सोनोग्राफीने गर्भाचे वय नक्की करून आणि नवजात बाळाच्या देखभालीची सोय असेल तिथेच, पुन्हा अभ्यास केला. बेळगावही त्यात होते. २०२० च्या त्या निष्कर्षांत नवजात मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ टक्क्यांवर आले आणि लाभ स्पष्ट दिसल्यामुळे अभ्यास ठरल्यापेक्षा आधी थांबवण्यात आला.

एकच औषध, पण दोन ठिकाणी दोन परिणाम, आणि त्यामागच्या कारणांत एक साधा प्रश्न दडलेला आहे: या बाईला नक्की किती महिने झाले आहेत? या प्रश्नाचे पहिले उत्तर आशाताई किंवा नोंदणी करणारी कार्यकर्ती लिहिते. शेवटच्या पाळीची तारीख विचारल्यावर अनेक बायका तारीख सांगत नाहीत, त्या सांगतात, सौंदत्तीच्या यात्रेहून आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, किंवा संकष्टीच्या आदल्या दिवशी. चांगली कार्यकर्ती दिनदर्शिका काढून समोर धरते, मागेपुढे दोन-तीन खुणा जुळवते, थायी कार्डावरची, म्हणजे कर्नाटकातल्या गरोदर मातेच्या नोंदकार्डावरची, तारीख पडताळते आणि मगच फॉर्म भरते. घाईतली कार्यकर्ती अंदाजे महिन्याची पंधरा तारीख टाकून मोकळी होते. नोंदवहीत पंधरा तारखेचा गठ्ठा दिसू लागला की समजावे, प्रशिक्षण कमी पडले आहे किंवा एका बाईवर फार गावे लादली गेली आहेत. दोष तिला देण्याआधी तिच्या कामाचा भार पाहावा.

दुसरी अडचण आपल्या रीतीभातीतून येते. पहिले बाळंतपण माहेरी. नोंदणी सासरच्या गावात झालेली असते, सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी माहेरी जाते, आणि अभ्यासाला मात्र बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत आई आणि बाळ दोघांची खबर हवी असते. अशा वेळी सासूशी चांगले बोलणे असलेली, माहेरचा फोन नंबर आधीच मागून ठेवणारी आणि दुसऱ्या तालुक्यातल्या आशाताईला ओळखणारी कार्यकर्तीच ती खबर आणते. बाळ दगावले असेल तर तिलाच त्या घरी जाऊन विचारावे लागते की, जन्मल्यावर बाळ रडले होते का, हालले होते का, कारण मृतजन्म आणि जन्मानंतरचा मृत्यू यांतला फरक या उत्तरावर ठरतो. हा प्रश्न कसा विचारायचा हे कोणत्याही पुस्तकात नाही. ते अशा बाईच्या शेजारी बसूनच शिकावे.

बाकीच्या मंडळींबद्दल थोडक्यात सांगतो. संस्थेच्या नैतिकता समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असावा लागतो आणि समितीत कायद्याचा जाणकार व सामान्य नागरिकही असतो. त्या सामान्य नागरिकाचे प्रश्न नेहमी लक्ष देऊन ऐकावेत. औषध-चाचणीत गंभीर अपाय झाला तर मुख्य संशोधकाने ते २४ तासांत नैतिकता समितीला कळवणे बंधनकारक आहे, म्हणून अभ्यास-समन्वयकाचा फोन रात्रीही चालू असतो. विदा-व्यवस्थापक, म्हणजे डेटा सांभाळणारा, दिवसभर विसंगती शोधून शंकापत्रे परत गावाकडे पाठवतो.

आता प्रवेशाविषयी. बीएएमएस, बीएचएमएस, परिचर्या, समाजकार्य, संख्याशास्त्र, सार्वजनिक आरोग्य यांपैकी कोणत्याही पदवीवर सुरुवात होऊ शकते. चाचण्यांच्या उत्तम आचारपद्धतीचे, म्हणजे जीसीपीचे, प्रमाणपत्र आधीच मिळवून ठेवावे. बेळगावसाठी मराठीबरोबर कामापुरती कन्नड शिकावी. नोकऱ्या बहुधा प्रकल्पापुरत्या कंत्राटी असतात आणि निधी संपला की नवा प्रकल्प येईपर्यंत खंड पडू शकतो, हे घरच्यांना सुरुवातीलाच स्पष्ट सांगावे. पहिले काही महिने कार्यालयातली खुर्ची न मागता गावात पाठवण्याची विनंती करावी.

आणि मुलाखतीत तुम्हाला प्रश्न विचारण्याची संधी मिळाली, तर हे विचारा: इथल्या क्षेत्रीय कार्यकर्त्या किती वर्षे टिकून आहेत, एका कार्यकर्तीकडे किती गावे असतात, तिने चुकीची नोंद स्वतःहून कळवली तर पुढे काय होते, आणि निष्कर्ष हाती आल्यावर ते तिला व त्या गावातल्या बायकांना कोण जाऊन सांगते.