परतीच्या गाडीआधीचा समुद्र

भाऊबीजेला डोंबिवलीला भावाकडे गेलं की आठ दिवस कसे सरतात कळत नाही. फराळ, पाहुणे, लेकरांचे फटाके यातच सुट्टी संपते, आणि निघायच्या दिवशी धाकटं विचारतं, "आई, समुद्र राहिलाच ना?" म्हणून दोन वर्षांपासून मी समुद्र परतीच्याच दिवसावर टाकते. गाडी रात्रीची, दिवस अख्खा हातात. यंदा धाकट्या जावेची पहिली खेप आहे. ती म्हणाली, "ताई, काय काय करायचं ते लिहून द्या, मी विसरते." तिच्यासाठी लिहिलेलीच ही यादी आहे.

सुरुवात मुंबईतून नाही, घरून, अकोल्याजवळच्या आपल्या मूर्तिजापुरातून. परतीचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि दिवाळीनंतरच्या गाड्या बघता बघता भरतात. जायच्या तिकिटाआधी यायचं काढायचं. तारीख अशी धरायची की घरी पोचल्यावर शाळेआधी एक दिवस मोकळा राहील. कपडे धुवायचे असतात, आणि वेचणी सुरू झालेली असते. घरचा माणूस एकटा कापसात वाकलेला असताना आपण आल्या आल्या शाळेच्या डब्याच्या मागे लागलो तर तोंड फुगतं. रविवार टाळायचा. रविवारी चौपाटीवर वाळू दिसत नाही, माणसंच दिसतात.

तारीख ठरली की भिंतीवरच्या कॅलेंडरात तिथी पाहायची. मुहूर्तासाठी नाही, भरतीसाठी. आपल्याकडे नदीला पाणी एक तर असतं किंवा नसतं. समुद्राचं दिवसातून दोनदा चढतं आणि दोनदा उतरतं हे आपल्या डोक्यात नसतं. भावाच्या शेजारच्या आजी अलिबागकडच्या. त्यांनी मला हिशेब शिकवला: तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. दशमी असेल तर दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेलं, दुपारी दीड-दोनला पूर्ण उतरलेलं, आणि रात्री आठच्या आसपास पुन्हा भरलेलं. तासभर इकडेतिकडे होतं, पण आपलं काम भागतं. पौर्णिमेनंतर मोजणी पुन्हा एकपासून. अष्टमीच्या आसपास पाण्याला जोर नसतो, त्याला त्या आजी भांग म्हणतात, अमावास्या-पौर्णिमेला उधाण. हाजीअलीला जायचा कोणाचा हट्ट असेल तर हा हिशेब करायलाच हवा, कारण दर्ग्याकडे जाणारी वाट समुद्रातून आहे आणि मोठ्या भरतीला ती पाण्याखाली जाते. माझं विचाराल तर गाडीच्या दिवशी हाजीअली नको. घारापुरीही नको, लेणी सोमवारी बंद असतात हे एक, आणि होडीतून जायलाच तास लागतो, यायला तेवढाच.

कपड्यांचं थोडक्यात. आपण पंचेचाळीस अंशाचं ऊन दुपट्ट्यावर काढतो, पण तिथला घाम वाळत नाही, अंगाला चिकटून राहतो. नायलॉन, जरी काही नको, सुती घालायचं. लेकरांचा एकेक जोड वेगळ्या पातळ पिशवीत, ओले कपडे कोंबायला दुसरी पिशवी. बूट नको, चप्पल. आणि स्वेटर बॅगेच्या तळाशी नाही, सगळ्यात वर. कसारा घाट चढून इगतपुरी आली की स्लीपरच्या खिडकीतून बोचरं वारं येतं, तेव्हा अंधारात बॅग उपसायची पाळी येऊ नये.

सामान आदल्या रात्री बांधून, कुलपं लावून ठेवायचं. आपली गाडी सुटते त्या सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये, म्हणजे सामान ठेवायच्या खोलीत, कुलूप नसलेली बॅग घेत नाहीत. तिकीट आणि आधार कार्ड हाताशी, मिळालेली पावती पर्समध्ये आणि तिचा फोटो मोबाईलमध्ये. भाऊ म्हणेल, "तू कशाला ओझं नेतेस, मी रात्री कल्याणला गाडीत आणून देतो." ऐकायचं नाही. त्यासाठी चढायचं स्टेशन आधीच बदलून ठेवावं लागतं, आणि मग संध्याकाळच्या लोकलने लेकरं घेऊन कल्याण गाठायचं. त्या गर्दीत मी एकदा सापडले. माझी पर्स माझ्या हातात होती, पण हात कुठे होता ते मला दिसत नव्हतं.

जाताना मात्र लोकलच बरी, अकरानंतरची. ऑफिसवाले तोवर पोचलेले असतात, बॅगा घेऊन बसता येतं. डब्यावर लाल-पिवळ्या तिरक्या पट्ट्या दिसल्या तर तो फर्स्ट क्लास, त्यात चढायचं नाही. पहिल्या वर्षी मी रिकामा डबा पाहून खुशाल चढले, वर लेकरांना म्हटलं, बघा किती जागा आहे. पुढच्या दोन स्टेशनांत टीसीने दंडाची पावती फाडली. चूक माझीच होती, पण घरी सांगितली नव्हती. ती आता सगळ्यांना कळेल.

डबा घरून न्यायचा. दशम्या, लसणाची चटणी, कोरडा झुणका. चार संत्री भावाच्या टोपलीतून परत उचलायला हरकत नाही, नेलेली आपणच असतात. ठेच्याची लहान डबी वेगळी, कारण चौपाटीची भेळ आपल्या तोंडाला गोडच लागते. सुट्टे पैसे भरपूर हवेत: भेळेला, बसला आणि स्वच्छतागृहाला. बायामाणसांनी सीएसएमटीतून बाहेर पडतानाच जाऊन यायचं, मग चर्चगेट स्टेशनात. मधे लाजून कळ काढत बसलं की दिवस निवांत राहत नाही.

पाहायच्या जागा तीन, चौथी नाही. पहिली गेटवे, तीही अर्धा तास. १९११ साली इंग्रजांचा राजा आला त्याची आठवण म्हणून ही कमान बांधायला घेतली, पुरी झाली १९२४ साली, आणि १९४८ च्या फेब्रुवारीत त्यांच्या पलटणीची शेवटची तुकडी याच कमानीखालून बोटीकडे गेली. लेकरांना एवढंच सांगायचं, त्यांना ते आवडतं. फोटोवाले मागे लागतात, आपला मोबाईल आहेच.

दुसरी जागा ओव्हल मैदान, आणि इथे घाई करायची नाही. झाडाखाली चादर टाकायची (चादर यादीत घे), डबा उघडायचा, लेकरांना पळू द्यायचं. समोर विद्यापीठाच्या आवारातला राजाबाई टॉवर दिसतो. सुमारे ८५ मीटर उंच, १८७८ साली पुरा झाला. मला तो आवडतो कारण तो कापसाचा आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला असा भाव आला की व्यापाऱ्यांचे डोळे फिरले. त्यांतले एक प्रेमचंद रायचंद. त्यांनी पैसा दिला आणि टॉवरला आईचं नाव लागलं, राजाबाई. पुढे लढाई थांबली, भाव कोसळला आणि भलेभले बुडाले, प्रेमचंदही. नागपूरपर्यंत रेल्वे पोचली ती १८६७ साली, तेजी ओसरल्यावर. मागच्या वर्षी हे मोठ्याला सांगत होते तर तो म्हणाला, "म्हणजे तेव्हाही आपला माल उशिराच बाजारात आला." घरी बापाचं ऐकतो ना दिवसभर.

उन्हं कलली की चर्चगेटहून लोकलने चर्नी रोड, दोनच स्टेशनं, आणि पूल उतरला की गिरगाव चौपाटी. लोकमान्य टिळकांवर १९२० साली इथेच अंत्यसंस्कार झाले, त्यांचा पुतळा आहे, तिथे आधी नमस्कार. मग पाणी. दशमीचा हिशेब आठवायचा: संध्याकाळी पाणी चढतं असतं. चपला, पिशव्या आत्ता कोरड्या दिसणाऱ्या वाळूवर नाही, पार वर ठेवायच्या. आंघोळ नको, घोट्यापर्यंतच. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत.

आणि दोरा घ्यायचा, साधा शिवायचा दोरा. मागच्या वर्षी आत्याबाई बरोबर होत्या, म्हणजे आमच्या सासूबाई. पंच्याहत्तरीत पहिल्यांदा समुद्र. लुगडं गुडघ्याशी धरून उभ्या राहिल्या. लाट आली, परत फिरली, पायाखालची वाळू दोन्ही टाचांकडून उकरून घेऊन गेली. "माय वं, हे तं पाय ओढून रायलं!" म्हणाल्या आणि माझा दंड असा धरला की दोन दिवस वळ होता. दुसऱ्या लाटेत उजव्या पायाचं जोडवं गेलं. पन्नास वर्षांचं झिजलेलं, ढिलं झालेलं. आम्ही तिघं वाळूत हात घालून शोधत होतो, पाणी वर येत होतं. तेव्हा जोडवी ढिली असतील तर आतून दोऱ्याचे चार वेढे देऊन घट्ट करायची, घरूनच. काढून ठेवा म्हटलं तर त्या काढणार नाहीत, आणि मीही काढत नाही.

सूर्य आपल्यापेक्षा पंधरा-वीस मिनिटं उशिरा बुडतो, कारण मुंबई तेवढी पश्चिमेला. नोव्हेंबरात सहाच्या आसपास. तो बुडायला टेकला की पाय धुवायचे. त्यासाठी नळाच्या पाण्याची एक मोठी बाटली आणि जुना पंचा. मग टॅक्सी, सीएसएमटी, क्लोकरूम. गाडीची वेळ तिकिटावर पाहायची, कोणाच्या सांगण्यावर जायचं नाही, आणि चौपाटीहून दीड तास आधी उठायचं.

शंख-शिंपले लेकरांच्या खिशातून तिथेच काढून तपासायचे. आत जीव असेल तर पाण्यात परत. आमच्या एका शंखात होता. शेगाव यायच्या आधीच अर्धा डबा नाक धरून बसला होता आणि आम्ही आपले अनोळखी असल्यासारखे खिडकीबाहेर पाहत होतो.

गजर अकोल्याचा लावायचा. अकोल्यानंतर मूर्तिजापूरच.