'मिसइन्फर्मेशन' हा शब्द मलायमध्ये नेताना: नवख्या अनुवादकांसाठी

इंग्रजी आणि मलाय (मलेशियाची भाषा) यांच्यातल्या अनुवादात नव्याने उतरलेल्यांनी मिसइन्फर्मेशन दिसलं की डोळे झाकून 'मकलुमत पाल्सू' लिहू नये. 'मकलुमत' म्हणजे माहिती, आपल्या 'मालूम'च्याच अरबी घराण्यातला शब्द. भानगड आहे ती 'पाल्सू'त. वांग पाल्सू म्हणजे नकली नोटा, गिगी पाल्सू म्हणजे कवळी. कुणीतरी मुद्दाम बनवलंय, असा वास त्या शब्दाला येतो. मिसइन्फर्मेशनमध्ये चूक असते, फसवायचा हेतू असेलच असं नाही. काळजीपोटी चुकीचा काढा फॉरवर्ड करणाऱ्या काकूंना तुम्ही एका विशेषणात आरोपी करून टाकता.

त्याऐवजी 'सालाह मकलुमत' घ्या. सालाह पुढे आला की आपल्या 'गैर'सारखं काम करतो: सालाह फाहाम म्हणजे गैरसमज, सालाह गुना म्हणजे गैरवापर. क्रम उलटून 'मकलुमत सालाह' केलंत तर उरते नुसती चुकीची माहिती, फॉर्मवरचा चुकलेला फोन नंबर वगैरे. सामान्य वाचकांच्या पत्रकाला 'मकलुमत तिदाक तपात', म्हणजे अचूक नसलेली माहिती, पुरे. 'मिसइन्फॉर्मासी' मी तरी शोधनिबंधांसाठीच ठेवते, विशेषतः शेजारी 'डिसइन्फॉर्मासी', म्हणजे फसवायच्या हेतूने पसरवलेली खोटी माहिती, असेल तेव्हा. बाकी ठिकाणी तो आळशीपणा वाटतो.

नाम नीट निवडूनही क्रियापद घात करतं, आणि तिकडे सहसा कुणी बघतच नाही. 'लसीबद्दलची चुकीची माहिती पसरली' याला 'तर्सबार' हवं. 'तर' हा उपसर्ग आपोआप किंवा नकळत झालेल्या गोष्टीला लागतो. 'दिसबारकान' लिहिलंत की कुणीतरी ती पसरवली, असं होतं. दारामागे हाकललेला हेतू खिडकीतून परत आत. मूळ वाक्यात पसरवणारा कर्ता आहे का, हे आधी बघा, मगच उपसर्ग ठरवा.

कायद्याच्या मजकुरात मात्र स्वतःची अक्कल बाजूला ठेवा. मलेशियाच्या २०१८ च्या फेक न्यूजविरोधी कायद्याच्या मलाय नावात 'बरिता पाल्सू' नाही, 'बरिता तिदाक बनार', म्हणजे खरी नसलेली बातमी, असं आहे. कायदा २०१९ च्या डिसेंबरात संसदेने रद्द केला, तरी जुन्या कागदांत नाव येतंच. उलट १९९८ च्या संचार व मल्टिमीडिया कायद्याच्या कलम २३३ मध्ये 'फॉल्स'ला पाल्सूच आहे. अधिकृत मलाय प्रत उघडा आणि तिथून उचला.

मलायहून इंग्रजीत येताना मोह उलटा असतो. 'मकलुमत पाल्सू'ला मिसइन्फर्मेशन म्हटलं की आरोप मवाळ होतो. तिथे फॉल्स इन्फर्मेशन लिहा. हेतू मजकुरातच सांगितला असेल तरच डिसइन्फर्मेशन. आणि 'फितनाह' म्हणजे अफवा नव्हे, बदनामी. १९५७ चा बदनामीचा कायदा मलायमध्ये 'आक्ता फितनाह' आहे.

एकाच शब्दाचा एकच अर्थ देणारी ग्लॉसरी हातात ठेवून 'हेच वापर' सांगणारे सीनियर भेटतील. ऐकून घ्या, पण देवान बहासा दान पुस्ताका या मलेशियाच्या सरकारी भाषासंस्थेच्या पीआरपीएम या ऑनलाइन शब्दशोधात शब्द टाकून वापराची उदाहरणं स्वतः वाचा. सुरुवातीला वेळ जातो, दमायला होतं. काही आठवड्यांत हात बसतो, घाबरू नका.

जुन्या ट्रान्सलेशन मेमरीत, म्हणजे आधीचे अनुवाद साठवलेल्या फाईलीत, इंडोनेशियन वाक्यं मिसळलेली असतात, तेवढं सांभाळा. तिकडे 'मकलुमत' म्हणजे जाहीरनामा. माहितीला 'इन्फॉर्मासी' आणि खोट्या बातमीला सर्रास 'होआक्स'. म्हणून काम सुरू करण्याआधी फाईलवरचा भाषेचा कोड बघा: एमएस (मलाय) आहे की आयडी (इंडोनेशियन).