बर्फातल्या स्की ट्रिपला गाडीने जाताना काचेवरची वाफ कशी घालवली

फॅमिली घेऊन स्कीला जायचं म्हटलं की सगळे हॉटेल आणि पास बघत बसतात, पण खरा वैताग गाडीत होतो. संध्याकाळी ओले बूट, ओली जॅकेटं, मागे पोरं, आणि पाच मिनिटांत समोरची काच आतून पांढरी! फडक्याने पुसून काही होत नाही, उलट पुसल्याचे पट्टे दिसतात आणि परत वाफ धरते. मग मी हवा आतल्या आत फिरवणारं बटण बंद केलं, हीटर फुल आणि सोबत एसी चालू (हो, थंडीत एसी, कारण तो हवेतली ओल खेचून घेतो), दोन मिनिटांत काच साफ. ओले बूट डिकीत झाकणाच्या डब्यात, आतल्या मॅटवरचा बर्फ आधीच झटकायचा.

वायपरच्या टाकीत साधं पाणी नको, गोठतं, तिथल्या तापमानाला चालेल असं लिक्विड भरा. विंटर टायर तर हवेतच, साधारण 7 डिग्रीच्या खाली साधं रबर कडक होऊन पकड सोडायला लागतं. बर्फात घसरू नये म्हणून टायरवर चढवायची चेन घेतली असेल तर घरासमोर कोरड्यात एकदा लावून बघा, ती इंजिन ज्या चाकांना फिरवतं त्यांनाच लागते, आणि अंधारात गार हातांनी मॅन्युअल वाचायला कोणालाच जमत नाही.

पोरांना चाइल्ड सीटमध्ये जाड जॅकेट घालून बसवू नका, पट्टा सैल राहतो. जॅकेट काढा, पट्टा घट्ट करा, वरून पांघरूण.