भंगारातली सायकलची चाकं घरगुती ट्रेलरला कशी बसवावीत

सायकलमागे भाजीचे क्रेट किंवा खताची गोणी ओढायला ट्रेलर करायचा, तर सांगाडा कुठलाही फॅब्रिकेटर जोडून देतो. खरं काम चाकांचं आहे. सायकलचं चाक वरून आलेलं वजन मुकाट पेलतं, पण आडवा दाब त्याला सोसत नाही. सायकल वळताना कलते, म्हणून तिथे हे जाणवत नाही. दोन चाकांचा ट्रेलर कलत नाही आणि वळणावर सगळा जोर चाकावर आडवा येतो. त्यामुळे २८ इंची चाक कितीही रुबाबदार दिसलं तरी मुलांच्या सायकलची २० इंची जोडीच घ्या. चाक जितकं मोठं, तितकं लवकर वाकतं.

जोडी अगदी सारखी हवी. टायरच्या कडेवर ५०-४०६ असा आकडा असतो. त्यातला दुसरा आकडा म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, मिलिमीटरमध्ये. नुसतं ‘२६ इंची’ म्हणून चाकं उचलू नका. जाड टायरच्या रेंजरचा (माउंटन बाइकसारख्या सायकलचा) हा आकडा ५५९ असतो आणि १ ३/८ टायरवाल्या साध्या सायकलचा ५९०. शक्यतो दोन्ही चाकं पुढचीच घ्या, कारण त्यांना फ्री (मागच्या चाकाचं चेन बसणारं दातेरी चक्र) नसतो आणि आरे दोन्ही बाजूंना सारखे बसलेले असतात.

भंगारवाल्याकडे उभं राहूनच चाक तपासा. आरे दोन-दोन धरून दाबा, म्हणजे ढिले कुठले ते कळतं. टायर उतरलेला असेल तर रिमवरची पट्टी सरकवून निपलांभोवती, म्हणजे आरे रिमला पकडणाऱ्या छोट्या नटांभोवती, बघा. तिथे रिम गंजून पापुद्रे सुटले असतील, तर ते चाक फुकटही नको. थोडाफार आऊट, म्हणजे फिरताना चाक डावी-उजवीकडे डुलणं, मात्र चालेल, तो सायकल दुरुस्तीवाला काढून देतो.

घरी आणल्यावर हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, उघडा. पुढच्या हबमध्ये सहसा दीड सुती (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) छर्रे असतात, प्रत्येक बाजूला दहा. सगळं रॉकेलने धुवा आणि नवे छर्रे भरपूर ग्रीसमध्ये बसवा; जुने वाचवण्यात अर्थ नाही. कोन, म्हणजे छर्रे दाबून धरणारा एक्सलवरचा शंकूसारखा नट, इतकाच आवळा की एक्सल बोटांनी सहज फिरेल, पण खडखडणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एक्सल एका बाजूने सांगाड्याला अडकवून दुसरं टोक मोकळं सोडू नका. अडीच सुती एक्सल तशा टांगणीसाठी बनवलेलाच नसतो. तो आधी वाकतो, मग तुटतो. प्रत्येक चाकाला चिमट्यासारखा दोन्ही बाजूंनी आधार द्या. चाकाच्या आत-बाहेर चौकोनी पाइप आणि त्यांना खाली वेल्ड केलेल्या ५ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या पुरतात. पट्टीतली खाच एक्सलला घट्ट बसेल एवढीच रुंद आणि खालच्या बाजूला उघडी ठेवा. मग भार थेट एक्सलवर बसतो आणि पंक्चर झालं तर नट सैल करून चाक खाली काढता येतं. नटाखाली दातेरी वायसर घाला.

पक्कं वेल्डिंग करण्याआधी नुसते टाके मारा आणि चाकं बसवून मोजा. दोन्ही रिममधलं अंतर पुढे आणि मागे, एक्सलच्याच उंचीवर घ्या. ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर टायर झिजत राहतील आणि ओढायलाही जड जाईल. ट्रेलरची दांडी सायकलला जिथे जोडली जाते त्या बिंदूपासून दोन्ही एक्सलपर्यंतचं अंतरही सारखं हवं. हे मोजताना घाई करू नका, कारण पुढे ग्राइंडर लावूनच चूक सुधारावी लागते.

माल थोडासा एक्सलच्या पुढे झुकेल असा ठेवा, नाहीतर दांडी सायकलला मागून वर उचलते. सुरुवात २० किलोने करा. ४० किलोच्या पुढे मी जाणार नाही, कारण उतारावर ते सगळं वजन सायकलच्या ब्रेकवरच येतं. पहिल्या फेरीनंतर नट पुन्हा आवळा आणि आरे परत दाबून बघा. नव्याने ताणलेले आरे त्याच फेरीत सैल पडतात.