चारा कमी आहे आणि मेंढ्या गाभण आहेत, मग शेवटचे 6 आठवडे सांभाळा

रान वाळलंय, मेंढरं दिवसभर फिरून संध्याकाळी रिकाम्या कुशीनं परत येतायत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त गाभण आहेत, अशा टायमाला बहुतेकजण एकतर सगळ्यांना थोडं थोडं टाकत बसतात नाहीतर व्यायल्यावर बघू म्हणून थांबतात, आणि दोन्हीत नुकसान होतं. खुराक (धान्य-पेंडीचं मिश्रण) मोजकाच असेल तर तो कधी घालायचा हे आधी ठरवा, किती घालायचा ते नंतर.

मेंढी साधारण 147 ते 150 दिवसांनी विते. पोटातल्या कोकराची जवळजवळ 70 टक्के वाढ शेवटच्या 6 आठवड्यात होते. म्हणजे पहिले साडेतीन महिने पोटात जीव आहे की नाही हे बाहेरून कळत पण नाही आणि मग एकदम मागणी वाढते, त्यात जुळी असली तर विचारूच नका. आणि नेमकं त्याच वेळी कोकरू आणि पाणी मिळून पोटातली जागा खातात, कोठीपोट (चारा साठतो ते मोठं पोट) दाबलं जातं, त्यामुळे मेंढी भुकेली असूनही कडब्यासारखा भरड चारा तिला जास्त खाता येत नाही. गव्हाणीत कडबा शिल्लक दिसतो म्हणून पोट भरलंय असं समजू नका, जागाच नाही म्हणून ती थांबलेली असते. म्हणून शेवटी शेवटी कमी खाण्यात जास्त ताकद देणारं काहीतरी पाहिजेच, म्हणजे धान्य, पेंड, चांगला पाला.

त्यासाठी मेंढा कळपात कधी सोडला ती तारीख वहीत लिहिलेली पाहिजे. लिहिली नसेल तर कास बघा, कास भरायला लागली की शेवटचा महिना लागला असं धरायला हरकत नाही, पण तोवर थोडा उशीर झालेला असतो. सोनोग्राफीची सोय असेल तर मेंढा लागल्यापासून 45 ते 90 दिवसांच्या मधे करून घ्या, एक की जुळी ते कळतं, आणि रिकाम्या राहिलेल्या मेंढ्या पण कळतात. चाऱ्याची चणचण असताना रिकाम्या मेंढीला खुराक घालत राहणं परवडत नाही.

आता हात लावायची सवय. लोकर असली की मेंढी नुसती बघून कळत नाही, लोकरीखाली हाडाचा सापळा असतो आणि वरून गुटगुटीत दिसते. शेवटच्या बरगडीच्या मागे कमरेवर हात ठेवा, मधलं मणक्याचं हाड आणि बाजूची आडवी हाडं बोटांनी दाबून बघा. हाडं टोकदार लागली, बोटं सहज खाली शिरली, तर ती रोड आहे (1 ते 5 च्या मापात 2 च्या खाली). हाडं जाणवतात पण गोलसर, वर मांस आहे, म्हणजे 3, विताना एवढी पाहिजे. हाड सापडतच नाही इतकी चरबी असेल तर ती पण धोक्याची आहे, त्याचं कारण खाली सांगतो. महिन्यातून एकदा 15-20 मेंढ्या पकडून असं बघितलं तरी कळपाचा अंदाज येतो.

कळपाचे 2 भाग करा, जमलं तर 3. रोड आणि जुळ्याच्या मेंढ्या वेगळ्या, बाकीच्या वेगळ्या. सगळ्या एकत्र असल्या की दांडगट मेंढ्या खाऊन जातात आणि जिला खरी गरज आहे ती मागं उभी राहते. गव्हाणीत सगळ्यांना एकाच वेळी तोंड घालता आलं पाहिजे, एका मेंढीला निदान 1 फूट जागा, मोठ्या जातीला दीड फूट. जागा नसेल तर लांब पट्ट्यात पसरून घाला.

मधले 2 महिने, म्हणजे साधारण दुसरा-तिसरा-चौथ्याची सुरुवात, चांगल्या अंगाची मेंढी थोडं वजन घटलं तरी सहन करते. थोडंच हां, कारण वार तयार होते ती 30 ते 90 दिवसांत, तेव्हा फार उपाशी ठेवलं तर वार लहान राहते आणि मग शेवटी कितीही घाला, कोकरू बारीकच होतं. आधीच रोड असलेल्यांना तर मधल्या काळात पण काटकसर नको. वाचलेला खुराक शेवटच्या 6 आठवड्यांसाठी राखा.

हिशोब करा. 35-40 किलोच्या मेंढीला एक कोकरू असेल तर रोज 250 ग्रॅमच्या आसपास, जुळं असेल तर 400 पर्यंत खुराक, सोबत वाळला चारा खाईल तेवढा. सरासरी 300 ग्रॅम धरले तर 42 दिवसांत एका मेंढीला साडेबारा किलो, 40 मेंढ्यांना साधारण 500 किलो. एवढं आधीच आणून ठेवलेलं पाहिजे, ऐन वेळी मिळालं नाही तर मधेच खुराक तुटतो आणि तुटणं सगळ्यात वाईट. मिश्रण साधं: मका, ज्वारी किंवा बाजरी 50 किलो, कुठलीही चांगली पेंड 33, कोंडा 13, मेंढीचं मिनरल मिक्स्चर 2, खाद्याचा चुना (कॅल्शियम कार्बोनेट) 1, मीठ 1. धान्यात कॅल्शियम फार कमी असतं म्हणून चुना. धान्य पीठ करू नका, मेंढी अख्खं नीट चावते, फार तर जाडसर भरडा.

मिनरल मिक्स्चर मेंढीचंच घ्या. गाईम्हशींचं चालवू नका, त्यात तांबं जास्त असतं आणि ते मेंढीच्या लिव्हरमध्ये साठत जातं, महिनोन्महिने काही दिसत नाही आणि मग एक दिवस लघवी लाल, डोळे पिवळे, मेंढी गेली.

सुरुवात 50 ग्रॅमनं. दर 2-3 दिवसांनी 50 वाढवा, 2 आठवडे लागले तर लागू देत, म्हणून तर विण्याच्या 8 आठवडे आधी चालू करायचं. उपाशी मेंढीपुढे एकदम धान्य टाकलं की पोटात आम्ल होतं, गुंगल्यासारखी उभी राहते, पातळ हगते, आणि बऱ्याचदा वाचत नाही. आधी वाळला चारा घाला, मग खुराक. मोठा डोस असेल तर सकाळ-संध्याकाळ वाटून द्या.

नुसत्या कडब्या-भुशाचं काय, तर त्यात प्रोटीन 3-4 टक्केच. पोटातल्या जंतूंना चारा पचवायला 7-8 टक्के तरी लागतं, तेवढं नसलं की चारा पोटात पडून राहतो आणि भूक मरते. थोडी पेंड किंवा पाला दिला की तोच कडबा जास्त खाल्ला जातो, हे मला फार उशिरा कळलं. बाभळीच्या शेंगा, शेवरी, हादगा, बोरीचा पाला, जे मिळेल ते छाटून आणा, हिरव्या पाल्यातून व्हिटॅमिन ए पण मिळतं जे महिनोन्महिने वाळलेलं खाऊन संपत आलेलं असतं. सुबाभूळ उत्तम पण एकूण खाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत ठेवा, जास्त झालं की लोकर गळते. पाण्याअभावी खुरटलेली कोवळी ज्वारी किंवा कापल्यावर आलेले फुटवे अजिबात चारू नका, किराळ लागते (कोवळ्या ज्वारीतलं विष), तासाभरात मेंढ्या आडव्या होतात. बुरशी आलेली पेंड, बुरसलेला मका, वास मारणारा मुरघास गाभण मेंढीला नकोच, गाभडतात. आणि चाऱ्यात युरिया घालायच्या नादाला लागू नका जर मोजून मिसळायची सवय नसेल, उपाशी मेंढीला युरिया म्हणजे विष.

पाणी. वाळल्या चाऱ्यावरच्या मेंढीला शेवटच्या महिन्यात नेहमीपेक्षा बरंच जास्त लागतं, 5-6 लिटर तरी धरा, उन्हाळा असेल तर त्याहून जास्त, आणि स्वच्छ. पाणी कमी पडलं की ती चाराच कमी खाते.

आता लठ्ठ मेंढीचा धोका म्हटलं तो आजार, गाभणपणातला (प्रेग्नन्सी टॉक्सिमिया). शेवटच्या 2-4 आठवड्यात जुळ्याची मेंढी कळपातून बाजूला उभी राहायला लागली, खुराकाला आली नाही, दात खाते, भिंतीला डोकं टेकवून उभी राहते, आंधळी झाल्यासारखी चालते, तोंडाला गोडसर वास येतो, तर समजा तिच्या अंगातली साखर संपलीय आणि शरीर स्वतःची चरबी जाळतंय. रोड मेंढीला होतो तसाच फार लठ्ठ मेंढीला पण होतो. माझी एक चांगली मेंढी अशीच गेली, मी 2 दिवस तिच्या डोळ्यात औषध घालत बसलो होतो कारण मला वाटलं डोळे आलेत. ती खुराकाला आली नव्हती हे मी बघितलं होतं, त्याच दिवशी डॉक्टरला बोलवायला पाहिजे होतं. सुरुवातीला असेल तर प्रोपिलिन ग्लायकॉल 60 मिलीच्या आसपास दिवसातून 2 वेळा पाजतात, डॉक्टरांना विचारून, आणि आडवी पडलेल्या मेंढीला जबरदस्ती पाजू नका, फुफ्फुसात जातं. पडली की सलाईन आणि कोकरं काढायचा निर्णय डॉक्टरांचाच. कॅल्शियम कमी होऊन पण मेंढी अशीच बसते, पण ती एकदम बसते, लांब चालवल्यावर किंवा एक दिवस उपाशी राहिल्यावर, आणि कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं की तासाभरात उठून उभी राहते.

म्हणून शेवटच्या महिन्यात लांबच्या चराईला नेऊ नका, चालण्यातच सगळी ताकद जाते. गाडीत भरणं, लोकर कातरणं, कुत्र्यांनी पळवणं टाळा, आणि एक वेळचं पण खाणं चुकवू नका.

आंत्रविषाराची (आतड्यात विष होण्याचा रोग) लस विण्याच्या 4 आठवडे आधी टोचा म्हणजे चिकातून कोकराला संरक्षण मिळतं. जंताचं औषध पण याच सुमाराला, डॉक्टरांना गाभण आहे हे सांगून, कारण काही औषधं पहिल्या दीड महिन्यात चालत नाहीत. व्यायल्यावर कोकराला 2 तासांच्या आत चीक मिळाला पाहिजे, किलोमागे 50 मिली, आणि मेंढीचा खुराक त्या दिवशी बंद करायचा नाही, पान्हा अजून पुढे 6-8 आठवडे टिकवायचाय.