संगीत नाटकाच्या शिक्षणासाठी संस्था कशी निवडावी

५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले, तेव्हा पदे सूत्रधार म्हणत असे आणि पात्रे त्यांवर अभिनय करीत. पुढे १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी पुण्यात 'शाकुंतल' सादर केले आणि पात्रे आपापली पदे स्वतः गाऊ लागली. नटाने गायचे, गाताना भूमिका सोडायची नाही आणि पद संपताच पुढचे वाक्य त्याच भावात बोलायचे, ही अपेक्षा तेव्हापासूनची आहे. आज ज्याला 'म्युझिकल' म्हणतात त्यात नृत्य आणि मायक्रोफोनचे तंत्र यांची भर पडली असली, तरी मूळ अपेक्षा तीच राहिली आहे. संस्था निवडताना सांगली-मिरजेतील विद्यार्थ्याने आणि त्याच्या पालकांनी हीच कसोटी लावावी, असे माझे मत आहे. जी संस्था गायन, अभिनय आणि हालचाल ही तिन्ही अंगे एकाच विद्यार्थ्याकडून, एकाच तालमीत करून घेते ती उपयोगाची. जी ही अंगे वेगवेगळ्या वर्गांत शिकवून सोडून देते, ती नावाने कितीही मोठी असली तरी या कामासाठी अपुरी पडते.

अडचण अशी आहे की आपल्याकडील विद्यापीठांत संगीताचे आणि नाट्याचे शिक्षण बहुतेक ठिकाणी स्वतंत्र पदव्यांत विभागलेले आहे. त्यामुळे प्रवेश कोठेही घेतला तरी शिक्षणाचा काही भाग विद्यार्थ्याला स्वतः जुळवून घ्यावा लागतो. कोणता भाग संस्थेकडून मिळणार आहे आणि कोणता बाहेरून मिळवायचा आहे, याचा हिशेब प्रवेशाआधीच मांडलेला बरा.

घर सोडण्यापूर्वी

दहावी ते बारावी हा काळ घरच्या गावातच घालवावा आणि तो पायाभरणीसाठी वापरावा. मिरज हे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांच्या वास्तव्याचे गाव आहे, पं. विष्णु दिगंबर पलुस्करांचे पं. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडील शिक्षणही याच गावी झाले, आणि येथील तंबोऱ्यांना व सतारींना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. एवढी परंपरा दाराशी असताना सुरांची तयारी इथे होणार नाही, असे समजण्याचे कारण नाही. चांगल्या गुरूंकडे आठवड्यातून किमान दोन वेळा शास्त्रीय गायनाची तालीम घ्यावी आणि रोजचा रियाज शक्य तर प्रत्यक्ष तंबोऱ्यावर करावा. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारदपर्यंत टप्प्याटप्प्याने देता येतात. त्यांचा फायदा असा की अभ्यासाला शिस्त लागते, आणि शास्त्रीय कलांच्या अशा परीक्षांसाठी राज्य मंडळाकडून दहावीला वाढीव गुण मिळण्याची सोयही आहे. मात्र परीक्षेची तयारी आणि रंगमंचाची तयारी यांत मोठे अंतर असते, हे पालकांनी लक्षात ठेवावे. विशारद झालेली मुलगी रागाची बढत, म्हणजे सुरासुराने विस्तार, उत्तम करते आणि तरीही समोरच्या पात्राकडे पाहून पद म्हणताना तिचा सूर हलतो, असे अनेकदा दिसते. त्यात तिचा दोष नसतो, कारण तसे गाण्याची सवय तिला कोणी लावलेलीच नसते.

म्हणून गाण्याबरोबर दोन गोष्टी सुरू कराव्यात. पहिली म्हणजे कथक, भरतनाट्यम किंवा लोकनृत्य यांपैकी एका शैलीचे नियमित शिक्षण. दुसरी म्हणजे एखाद्या हौशी नाट्यसंस्थेत काम. राज्य शासनाच्या हौशी नाट्य स्पर्धेत संगीत नाटकांसाठी स्वतंत्र स्पर्धा होते, आणि तिच्या तयारीच्या दिवसांत तालमीच्या जागी नुसते बसून राहिले तरी फार शिकायला मिळते: ऑर्गनवाला पदाआधी सूर कसा देतो, तबलजी नटाच्या वाक्याच्या शेवटाकडे कान लावून कसा बसतो, दिग्दर्शक पदाची लांबी का कमी करायला लावतो. पहिल्या वर्षी भूमिका मिळाली नाही तर नेपथ्य लावावे, पुस्तक धरून प्रॉम्प्टिंग करावे, मागच्या समूहात उभे राहून नांदी म्हणावी. विष्णुदास भावे नाट्यमंदिरात किंवा मिरजेच्या बालगंधर्व नाट्यगृहात संगीत नाटकाचा प्रयोग असेल तर तो चुकवू नये आणि शक्य तर पुढच्या रांगांत बसून पाहावा, म्हणजे गायक-नट श्वास कोठे घेतो ते दिसते.

या काळात स्वतःची परीक्षा घेण्याची एक साधी पद्धत आहे. पानभर स्वगत उभ्याने, पूर्ण आवाजात म्हणावे आणि मध्ये न थांबता पद सुरू करावे. नंतर तेच पद खोलीत चालत, बसत-उठत म्हणावे. हे मोबाइलवर रेकॉर्ड करून गुरूंना ऐकवावे. शब्द अस्पष्ट होतात की सूर उतरतो की चेहरा कोरा पडतो, यावरून पुढची दोन वर्षे कशावर खर्च करायची ते ठरते. आपली पट्टी कोणती, म्हणजे कोणता सूर 'सा' धरून गाणे आपल्या गळ्याला सोयीचे, हे विद्यार्थ्याला नेमके सांगता आले पाहिजे. ज्या मुलाचा आवाज फुटत आहे त्याच्याकडून जुन्या ध्वनिमुद्रिकांच्या उंच पट्टीत गाऊन घेण्याचा हट्ट कोणीही धरू नये. घसा दोन-तीन आठवड्यांपेक्षा अधिक काळ बसलेला राहिला तर घरगुती काढ्यांवर न थांबता कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे, कारण ज्या आवाजावर पुढची चाळीस वर्षे काढायची आहेत तो सतराव्या वर्षी ताणून चालत नाही.

संस्थांचा विचार

सर्वांत जवळचा पर्याय कोल्हापूरचा. शिवाजी विद्यापीठात संगीत आणि नाट्यशास्त्राचा विभाग आहे, सांगलीहून जाणे-येणे सोयीचे आहे, आणि घरच्या गुरूंची तालीम न तोडता शिकता येते. ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील ललित कला केंद्राचे वैशिष्ट्य असे की नाटक, संगीत आणि नृत्य हे तिन्ही विषय एकाच आवारात गुरुकुल पद्धतीने शिकवले जातात. प्रवेश एकाच विषयाला मिळत असला तरी संगीत नाटकाकडे जाऊ पाहणाऱ्याला दुसऱ्या दोन विषयांचे शिक्षक आणि सहाध्यायी तेथे रोज भेटतात, आणि बारावीनंतर पदवीला प्रवेश घेता येतो. मुंबई विद्यापीठाची अकादमी ऑफ थिएटर आर्ट्स पदव्युत्तर शिक्षण देते, शिवाय त्याच विद्यापीठाची लोककला अकादमी आहे. तमाशा, भारूड, गोंधळ यांच्या गायकीत ज्याला रस आहे त्याने तिचा विचार जरूर करावा. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग अभिनय-दिग्दर्शनासाठी जुना आणि नामांकित आहे. गोव्याची कला अकादमी हाही मराठी विद्यार्थ्याला परका वाटू नये असा पर्याय आहे, कारण संगीत नाटकाचा प्रेक्षक तेथे अजून मोठ्या प्रमाणात टिकून आहे.

दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम पदवीनंतर करता येतो, त्यासाठी नाटकात काम केल्याचा अनुभव लागतो आणि निवड झालेल्यांना विद्यावेतन मिळते. तेथे नट म्हणून जी घडण होते ती अतुलनीय आहे. परंतु मराठी नाट्यसंगीत त्या अभ्यासक्रमाचे केंद्र नसल्यामुळे गाणे आपले आपण राखावे लागते.

परदेशातील शिक्षणाबद्दल थोडक्यात सांगतो. अमेरिकेत मिशिगन, कार्नेगी मेलन आणि सिनसिनाटी या विद्यापीठांत म्युझिकल थिएटरच्या चार वर्षांच्या पदव्या आहेत, आणि लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. तेथे गायन, अभिनय व नृत्य यांचा एकत्रित विचार खरोखरच होतो. प्रवेशासाठी बहुधा आधी व्हिडिओ मागवतात, नंतर प्रत्यक्ष चाचणी होते, तीत नृत्याची स्वतंत्र फेरी असते, आणि बॅले किंवा जॅझचे प्राथमिक शिक्षण नसेल तर निभाव लागणे कठीण जाते. खर्च प्रचंड आहे. ज्याला पुढे मराठीत काम करायचे आहे त्याने कर्ज काढून तिकडे जाऊ नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन. शिष्यवृत्ती मिळाली तर गोष्ट वेगळी.

निवड करण्याआधी काय तपासावे

माहितीपत्रक वाचून निर्णय घेऊ नये. संस्थेकडे चालू सत्राचे वेळापत्रक मागावे. त्यात आठवड्याला गायनाचे तास किती आहेत, ते वैयक्तिक आहेत की पंचवीस जणांचे एकत्र, शरीराच्या हालचालीचा तास रोज आहे की शनिवारपुरता, हे पाहावे. त्यानंतर सर्वांत महत्त्वाचा प्रश्न विचारावा: गायनाचे शिक्षक नाटकाच्या तालमीला हजर असतात का? उत्तर 'नाही' किंवा 'गरज पडली तर' असे आले, तर विद्यार्थ्याला दोन्ही अंगांची सांधेजोड एकट्यानेच करावी लागेल. तसेच वर्षभरात पूर्ण लांबीची नाटके किती होतात, त्यांपैकी किती नाटकांत प्रत्यक्ष साथीवर गायले जाते आणि किती ठिकाणी आधी मुद्रित केलेल्या गाण्यावर ओठ हलवले जातात, हेही विचारावे. मुद्रित गाण्यावर नाचण्याचे कौशल्यही बाजारात लागते. पण तेवढ्यासाठी तीन वर्षे देण्याचे कारण नाही.

शक्य असेल तर विद्यार्थ्यांचा एखादा प्रयोग स्वतः जाऊन पाहावा. त्यात मुख्य भूमिकांपेक्षा मागच्या फळीतील मुलांकडे लक्ष द्यावे. नायिकेचे काम करणारी मुलगी कदाचित घरूनच तयार होऊन आलेली असते, परंतु समूहातील दहावा मुलगा सुरात गातो आणि त्याचे शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचतात, हे खात्रीने संस्थेचे काम असते. प्रयोगानंतर शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांशी शिक्षकांच्या अनुपस्थितीत बोलावे आणि गेल्या चार-पाच वर्षांत बाहेर पडलेले विद्यार्थी आज काय करतात, हे विचारावे. प्रसिद्ध झालेली दोन नावे सगळेच सांगतात. उरलेल्या मुलांचे काय झाले, ते समजून घ्यावे.

खासगी अकादमींच्या बाबतीत अधिक सावध राहावे. पदवी किंवा पदविका कोणत्या विद्यापीठाची आहे, त्या विद्यापीठाचे नाव विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसीच्या) यादीत आहे का, मध्येच सोडल्यास शुल्क परत मिळते का, हे लेखी घ्यावे. पुण्या-मुंबईत शुल्काइतकाच, कधी त्याहून अधिक खर्च राहण्या-जेवणाचा येतो, तोही बेरजेत धरावा. प्रवेशाबरोबर मालिकेत किंवा व्यावसायिक नाटकात भूमिका देण्याचे आश्वासन देणाऱ्या आणि ऑडिशनसाठी पैसे मागणाऱ्या ठिकाणाहून सरळ उठून यावे.

प्रवेश चाचणीसाठी एक रागाधारित नाट्यपद, एक लोकगीत किंवा आधुनिक नाटकातील गाणे आणि दोन वेगळ्या स्वभावांची स्वगते तयार ठेवावीत. पद दोन-तीन मिनिटांत बसवावे, म्हणजे ध्रुवपद, एक अंतरा आणि सुरांच्या मोजक्या सजावटी. परीक्षकांना तानांची संख्या मोजायची नसते, पात्र दिसते का ते पाहायचे असते. साथीला अनोळखी वादक असतील हे गृहीत धरून पट्टी, ताल आणि लय कागदावर लिहून न्यावी.

पोटापाण्याचे काय

व्यावसायिक मराठी रंगभूमीवर नटाला प्रयोगागणिक 'नाईट', म्हणजे त्या प्रयोगाचे मानधन, मिळते. प्रयोग मुख्यतः शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत होतात, पावसाळ्यात व परीक्षांच्या दिवसांत कमी होतात, आणि नाटक बंद पडले की ते उत्पन्न थांबते. संगीत नाटकाला वादकांचा खर्च अधिक असल्यामुळे निर्माते जपून पावले टाकतात. तरीही दार बंद झालेले नाही. 'संगीत देवबाभळी' या दोनच पात्रांच्या नाटकाने प्रत्यक्ष गायनाच्या बळावर अलीकडच्या काळात राज्यभर प्रेक्षक मिळवला, आणि मुंबईत २०१५ पासून मोठ्या खर्चाच्या हिंदी-इंग्रजी संगीतिका उभ्या राहिल्या, ज्यांत गाणाऱ्या आणि नाचणाऱ्या नटांची समूहासाठीही गरज भासते.

केवळ रंगमंचावर घर चालवणारे थोडे असतात. बहुतेकांचे उत्पन्न चार ठिकाणांहून येते: प्रयोग, नाट्यसंगीताच्या मैफली, जाहिराती व डबिंगसाठी आवाज, आणि शिकवणे. यांतील शिकवणे हा मला सर्वांत भरवशाचा आणि आदराचा मार्ग वाटतो. बालनाट्य शिबिरे, शाळांतील संगीत शिक्षक, महाविद्यालयांच्या एकांकिका बसवणे ही कामे सांगली, इस्लामपूर, विटा, तासगाव येथेही असतात. त्यामुळे संगीताची मान्यताप्राप्त पदवी किंवा विशारद हातात असणे हा नाईलाजाचा पर्याय न मानता शिक्षणाचाच भाग मानावा.

शिष्यवृत्त्यांसाठी वय निघून जाऊ देऊ नये. सांस्कृतिक स्रोत व प्रशिक्षण केंद्राची प्रतिभा शोध शिष्यवृत्ती १० ते १४ वर्षे वयाच्या मुलांसाठी असते, आणि केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची युवा कलाकारांची शिष्यवृत्ती १८ ते २५ वयोगटासाठी दोन वर्षे मिळते. दुसरीसाठी गुरूंकडे घेतलेल्या शिक्षणाचा पुरावा लागतो. म्हणून गुरूंचे पत्र, परीक्षांची प्रमाणपत्रे, स्पर्धांतील सहभागाचे दाखले, प्रयोगांच्या पत्रिका आणि छायाचित्रे अकरावीपासूनच एका फाइलमध्ये तारखेनुसार लावून ठेवावीत. संस्थांचे प्रवेश अर्ज बारावीचा निकाल लागण्याआधीही निघू शकतात, त्यामुळे जानेवारीपासून प्रत्येक संस्थेचे संकेतस्थळ पाहत राहावे आणि विद्यापीठाच्या कार्यालयात दूरध्वनी करून चाचणीची तारीख निश्चित करून घ्यावी.