दहा-बारा हजारांत कामाचा स्मार्टफोन कसा निवडावा

दुकानात शिरण्याआधी फोनवर काय काय करायचं ते कागदावर लिहा. कॉल, व्हॉट्सॲप, यूपीआय, बँकेचं ॲप, मेट्रोचं तिकीट, नातवंडांचे फोटो एवढीच यादी असेल, तर दहा-बारा हजार रुपये पुरतात. मात्र या पैशांत सगळंच चांगलं मिळत नाही. कशावर तडजोड करायची ते आपण ठरवावं, नाहीतर विक्रेता ठरवतो.

तडजोड स्टोरेजवर करू नका. ६४ जीबीच्या फोनमध्ये सिस्टिम आणि आधीपासून भरलेली ॲप्स पंधरा-वीस जीबी सहज खातात. उरलेल्या जागेत सोसायटीच्या ग्रुपवरचे व्हिडिओ आणि रोजची 'शुभ सकाळ' साठत जाते. मेमरी कार्ड टाकू म्हणाल, तर व्हॉट्सॲपचा पसारा फोनच्याच स्टोरेजमध्ये जातो. कार्डाचा तिथे उपयोग नाही. जागा संपत आली की फोन रखडतो, अपडेटही उतरत नाही. म्हणून १२८ जीबी घ्याच. रॅम, म्हणजे चालू ॲप्स ज्या मेमरीत राहतात ती, किमान ४ जीबी, जमल्यास ६. खोक्यावर '४+४' लिहिलेलं असेल तर ती ८ जीबी रॅम नव्हे: दुसरे ४ जीबी स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात आणि ते खऱ्या रॅमपेक्षा बरेच संथ चालतात.

मग अपडेट. सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार, हे कंपनीच्या संकेतस्थळावर पाहा. स्वस्त फोनमध्ये हा आकडा दोन वर्षांपासून सहा वर्षांपर्यंत काहीही असतो. जुन्या अँड्रॉइडवर बँकांची ॲप्स हळूहळू चालेनाशी होतात.

कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलकडे दुर्लक्ष केलंत तरी चालेल. मागे तीन भिंगं दिसली, तरी कामाचं बहुधा एकच असतं. बॅटरी ५००० एमएएच हल्ली बहुतेक फोनांत असतेच. चार्जर खोक्यात आहे का, आणि किती वॅटचा, तेवढं विचारा.

पुण्यात तपकीर गल्लीतल्या दुकानांत जा नाहीतर मॉलमध्ये, डेमो फोन हातात घेऊन दाराबाहेर उन्हात या. स्वस्त स्क्रीन इथेच उघडी पडते. मोठ्या अक्षरांत मराठी कीबोर्ड लावून चार ओळी टाइप करा, स्पीकरवर कॉल करून पाहा. लक्ष्मी रोडच्या गोंगाटात आवाज ऐकू आला, तर घरीही येईल.

पैसे देण्याआधी *#०६# दाबा. दिसणारा आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, खोक्यावरच्या आणि बिलावरच्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. जुना फोन घेत असाल तर इंग्रजीत केवायएम (KYM), मोकळी जागा आणि १५ अंकी आयएमईआय असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. उत्तरात तो ब्लॉक केलेला किंवा डुप्लिकेट आला, तर सौदा तिथेच सोडा. पक्कं, जीएसटीचं बिल मागा. 'बिलाशिवाय पाचशे कमी' हा सौदा वॉरंटीच्या वेळी महागात पडतो.

घरी आल्यावर यूपीआय सुरू करताना बँकेशी जोडलेलं सिम नव्या फोनमध्येच हवं आणि त्यावरून एसएमएस जायला हवा. रिचार्ज संपलेलं असेल, किंवा दोन सिमांपैकी चुकीचं निवडलं गेलं, तर पडताळणी अडकते. व्हॉट्सॲपचं संभाषण, फोटो आणि बँकेची ॲप्स नव्या फोनवर नीट चालेपर्यंत जुन्या फोनमधली माहिती पुसू नका किंवा तो विकू नका.